पेगीच्या आजोबांची नोट घेऊन डब्लिन ते लँकेस्टर

मंडळी, आधी एकेकाची विचारपूस करते, मग गाडी सुरू करू. नाशिकच्या शैलाताई, गुडघ्याची सूज उतरली का? जिना बंद ठेवलाय ना, की नातवाच्या मागे पुन्हा गच्चीवर पळताय? कोल्हापूरचे देसाईभाऊ, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं सूनबाईंनी कळवलं. म्हणजे आता "अक्षर बारीक आहे, वाचता आलं नाही" हे कारण चालायचं नाही. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूची प्राजक्ता, बाळ रात्री झोपू देतंय का गं? अळिवाचे लाडू कुणाबरोबर तरी पाठवते. आणि सोलापूरचे जोशीसर, तुमचा खोकला गेला का? मागच्या वेळी तुमच्या कमेंटमध्येसुद्धा तो ऐकू आला होता.

मी ठणठणीत आहे. बार्शीत परत आले, आंबे आले, पापड लाटून झाले. आजचा प्रवास गेल्या दिवाळीनंतरचा आहे. इतके दिवस लिहिला नाही, कारण त्याचा शेवट माझ्या हाती गेल्या आठवड्यात आला.

माझी लेक मेघना आणि जावई निखिल डब्लिनला राहतात. आयर्लंडच्या नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोच्या डब्लिनला. गाव आपल्या माणसांनी इतकं भरलंय की किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुडीवरून मराठीत भांडता येतं. पण नाव आयर्लंडचं, म्हणून रस्त्यांना आयरिश नावं आणि जिकडेतिकडे तीन पानांची हिरवी खूण. मेघनाच्या शेजारी पेगी राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, बोलायला पटाईत. मेघनाचे मित्रमैत्रिणी मला काकू म्हणतात, म्हणून तीही मला काकूच म्हणते. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण आता कोण सांगणार!

तुम्हाला माहीत आहे, बार्शीत आमचा ट्रेडलचा, म्हणजे तोंड उघडून-मिटून एकेक कागद छापणाऱ्या यंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं मी खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवता जुळवता शिकले, इंग्रजी अक्षरंसुद्धा व्हिजिटिंग कार्डांवरूनच. लग्नपत्रिका हातात आली की लोक नवरानवरीचं नाव बघतात. आम्ही छापखानावाले आधी खालची कड बघतो, कारण तिथे बारीक टायपात छापखान्याचं नाव असतं. ही खोड काही केल्या जात नाही.

तिकडच्या वाचनालयात जगभरच्या नोटांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. आयर्लंडच्या जुन्या नोटा बघून मी हरखलेच. वीणेसारखं ते त्यांचं हार्प, पानांच्या वेलबुट्ट्या, कोळ्याने विणावी तशी जाळी. आणि खाली कडेला काय? छापखान्याचं नाव! त्या दिवसापासून मला नादच लागला. कुठली नोट आयर्लंडच्या डब्लिनला पत्रा कोरून छापलेली, कुठली लंडनच्या कंपनीची, हे मी फोटो मोठे करकरून ओळखू लागले. आयर्लंडने स्वतःचा नोटांचा छापखाना काढला तो फार उशिरा. त्याआधी प्रत्येक बँकेची तऱ्हा वेगळी. निखिल म्हणायचा, "आई, लोकांच्या सासवा सिरियल बघतात, तुम्ही नोटा बघता. बाप्पा, आपलं बरं आहे!"

हे पेगीला कळलं आणि एका दुपारी ती एक नोट घेऊन आली. तिच्या आजोबांची. शंभर वर्षांपूर्वी ते आयर्लंडहून आले तेव्हा खिशात होती म्हणे, आणि कितीही ओढगस्त आली तरी त्यांनी ती मोडली नाही.

"ते म्हणायचे, ही मी छापली," पेगी म्हणाली. "आणि म्हणायचे, मी हजारो छापल्या, पण एकही दुसरीसारखी नव्हती. आम्ही मुलं खोखो हसायचो. नोटा काय वेगवेगळ्या असतात? माझा भाऊ टॉम तर अजून त्यांना 'थापाड्या आजोबा' म्हणतो."

आता हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळच्या कब्रस्तानात आजोबांचा दगड झिजून गेला होता आणि घरचे नवा बसवणार होते. पेगीला त्यावर नावाखाली 'मुद्रक' असं कोरून हवं होतं. टॉमचं म्हणणं, त्यांनी इथे आल्यावर जन्मभर रेल्वेत हमाली केली. नुसतं नाव टाका, दगडावर थापा नकोत. कारागिराला दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत मजकूर द्यायचा होता.

मी नोट बघितली. सवयीने आधी खालची कड, तर ती कापलेली! कुणीतरी कधीतरी कडा सारख्या करायला कात्री चालवली असावी. पण वर ठळक अक्षरांत डब्लिन लिहिलेलं, हार्प, वेलबुट्टी. मी पेगीचा हात दाबून सांगितलं, "शंभर टक्के डब्लिनचीच छपाई. तुझे आजोबा खरं बोलत होते." ती रडायलाच लागली.

आणि मग आली दिवाळी. पेगी फराळाला आली होती. लक्ष्मीपूजनाला पाटावर आपण नाणी, नोटा, दागिने ठेवतो ना, तर ती म्हणाली, "माझीही ठेवू?" आणि मोठ्या मायेने तिने ती नोट पालथी ठेवली. मी डोळे मिटून आरती म्हणत होते. डोळे उघडले तर मेघनाने ओळीने सगळ्या नोटांना हळदकुंकवाचं बोट टेकवलेलं, त्यात हीसुद्धा! तिची काय चूक, लहानपणापासून छापखान्यातली पूजा ती अशीच करत आली. निखिल धावला आणि कोरड्या कापसाने नोट पुसायला लागला. कुंकू निघालं. हळद मात्र अर्ध्या नोटेभर पसरली.

पेगी नोटेकडे बघून म्हणाली, "आजोबांना इतका मान त्यांच्या लग्नातही मिळाला नसेल."

तेवढ्यात तिला कळलं की त्याच आठवड्यातल्या शनिवारी लँकेस्टरच्या एका हॉटेलात जुन्या कागदी नोटांचं प्रदर्शन आहे. टॉमचं घर तिथून जवळ. एखाद्या जाणत्याने लिहून दिलं तर टॉमचं तोंड बंद होईल. मेघनाने शुक्रवारच्या मीटिंगा कॅन्सल केल्या आणि आम्ही तिघी निघालो. कडा कापलेली, हळदीने माखलेली नोट, आणि माझा शंभर टक्के शब्द.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी सांगते. डब्लिनहून सत्तर नंबरचा हायवे धरायचा आणि पूर्वेला सुटायचं. व्हीलिंगपर्यंत रस्ता सरळ, कंटाळवाणा, पण ओहायो नदी ओलांडली की डोंगर सुरू होतात. झाडांवर पानं थोडी उरली होती, पण जी होती ती पिवळीधमक. पेगीने माझ्याकडे बघून भुवई उडवली, "हळद!" मेघना इतकी हसली की मला ओरडावं लागलं, "समोर बघ गं!"

"आई, प्लीज. ड्राइव्ह मी करतेय."

"तू कर, पण समोर बघून कर."

पिट्सबर्गला मात्र वाकडी वाट कराच. टेकडीवर बालाजीचं मंदिर आहे. दर्शन होतं आणि खालच्या कँटीनमध्ये चिंचेचा भात, दहीभात मिळतो, दहाबारा डॉलरमध्ये एकाचं पोट तुडुंब. पेगीने चिंचेचा भात दोनदा घेतला आणि दुसऱ्यांदा मिरची चावली. नंतर बराच वेळ ती देवाचं नाव घेत होती, तिच्या देवाचं.

तिथून पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक. टोलला थांबायचं नाही, गाडीच्या नंबरचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. तेव्हा "फुकट गेलो" म्हणून खूश होऊ नका, चांगलंच बिल येतं. या रस्त्याची गंमत म्हणजे डोंगरातले बोगदे. शेवटचे दोन तर इतके लागून की एकातून श्वास सोडत बाहेर पडावं आणि दुसऱ्यात शिरावं.

बोगद्यात पेगी एकदम म्हणाली, "काकू, तू म्हणालीस म्हणून मी टॉमला फोनवर सांगून टाकलंय, डब्लिनचीच छपाई आहे म्हणून. तो म्हणाला, शनिवारी सिद्ध करून दाखव, नाहीतर नुसतं नाव."

बोगदा संपला तरी मला अंधार गेल्यासारखा वाटेना.

मोटेल साधं आणि स्वच्छ होतं. सकाळच्या फुकट नाश्त्यात वॉफलचं यंत्र होतं. पीठ ओता, तोंड मिटा, उलटं फिरवा. अगदी आमचा ट्रेडल! मी तिघींचे छापून काढले. लँकेस्टरच्या रस्त्यावर मोटारी न वापरणाऱ्या, जुन्या रीतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या दिसतात, त्यांच्यामागे गाडी हळू घ्या, हॉर्न मारू नका. आणि तिथली शूफ्लाय पाय ही भट्टीतली मिठाई जरूर खा. आत काय असतं सांगू? काकवी! ऊस पिकवणाऱ्या मुलखातली मी, पहिल्याच घासाला मला माहेरी आल्यासारखं झालं.

प्रदर्शन हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. तिकीट पाच डॉलर. टेबलंच टेबलं, प्लास्टिकच्या पाकिटांत नोटा, आणि जवळजवळ सगळी म्हातारी पुरुषमंडळी, भिंगं डोळ्याला लावून वाकलेली. आयर्लंडचं टेबल एकच होतं. मागे वॉल्टर नावाचे गृहस्थ बसले होते, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. त्यांच्याकडे एक जुना कर्जरोखाही होता, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी पैसा उभा करायला अमेरिकेतच, न्यूयॉर्कमध्ये छापलेला. मी आधी त्याची खालची कड बघितली. वॉल्टर हसले. "तुम्ही छपाईतल्या दिसता. बाकीचे आधी किंमत विचारतात."

पेगीने पाकीट उघडलं. वॉल्टरनी दोन्ही चष्मे एकदम डोळ्यांवर घेतले.

"मॅडम, यावर कुणी हॉटडॉग खाल्ला का? पिवळं मस्टर्ड सांडलंय."

"हळद आहे," मेघना म्हणाली. "आम्ही पूजा केली. नोटेची."

"नोटेची पूजा!" ते शेजारच्या टेबलाकडे वळून ओरडले. "एड, ऐकलंस का? ही माणसं आपल्यापेक्षा पुढे गेलीत!"

मग ते गंभीर झाले. पेगीने त्यांना दगडाचं, टॉमचं, सगळं सांगितलं. त्यांनी एका वहीवजा फोल्डरमधून दुसरी नोट काढली, त्याच बँकेची, तशीच, पण कडा शाबूत असलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या. जाळीची गाठ न् गाठ सारखी. वेलाचं पान न् पान सारखं. आणि शाबूत नोटेच्या खालच्या कडेला, बारीक टायपात, छापखान्याचं नाव आणि गाव.

लंडन.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. अहो, जन्मभर मी सोलापूरच्या लग्नांच्या पत्रिका बार्शीत छापल्या! पत्रिकेवर ठळक अक्षरांत सोलापूर असतं, म्हणून ती सोलापुरात छापली असं कधी असतं का? नोटेवरचं डब्लिन हे बँकेचं गाव होतं, छापखान्याचं नव्हे. माझ्यासारखीने तरी ही चूक करायला नको होती. पण मला पेगीसाठी ते खरं असायला हवं होतं, आणि हवंसं झालं की डोळे बघत नाहीत.

पेगी खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "आजोबा लंडनला कधीच गेले नव्हते. ते तर अगदी ठाम सांगायचे." मग माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "ठीक आहे काकू. नुसतं नाव. नावही छानच आहे त्यांचं."

मी म्हटलं, "पेगी, चूक माझी आहे. टॉमला मी सांगते."

वॉल्टर मात्र नोट खाली ठेवत नव्हते. त्यांनी ती पालथी केली आणि टेबलावरचा दिवा वाकवून उजेड तिरका पाडला. "हे तुमचं मस्टर्ड," ते म्हणाले, "सगळीकडे सारखं का नाही बसलेलं?"

आम्ही तिघी वाकलो. पसरलेल्या फिकट पिवळ्यात एका जागी गडद रेघा होत्या. निखिलने कोरड्या कापसाने घासलं तेव्हा जिथे कागद वर उचललेला होता तिथे हळद जास्त धरली होती. रेघा कसल्या, आकडे होते ते, उलटे. आम्हा खिळे जुळवणाऱ्यांना उलटं वाचायची सवय, मी घडाघडा वाचून दाखवले. वॉल्टरनी नोट सुलटी केली. तोच नंबर, पुढच्या बाजूला, काळ्या शाईत.

"आता हात फिरवा," ते म्हणाले.

मी बोट फिरवलं. पुढची जाळी, वेल, हार्प, सगळ्याची शाई बोटाला वर लागत होती. ती कोरलेल्या पत्र्यावरची छपाई. नंबर मात्र कागदात आत दाबलेला, म्हणून तर मागे उमटलेला. तो टायपाने दाबून छापलेला. म्हणजे एका नोटेवर दोन वेगळी यंत्रं चालली होती.

"या बँकेचं असंच होतं," वॉल्टर सांगू लागले. "सगळ्या बँकांचं नव्हे, पण हिचं. नोटेचं बाकी सगळं अंग लंडनला छापायचं आणि पेट्या भरून बोटीने डब्लिनला जायच्या. बिननंबरी. चोरी झाली तरी कागदच. डब्लिनला बँकेच्या स्वतःच्या छापखान्यात त्यावर नंबर पडायचे, मग ती नोट व्हायची. हळद नसती तरी बोटाला कळलंच असतं मला. पण तिने आधी दाखवलं हे खरं."

माझ्या डोळ्यांसमोर आमचे हे उभे राहिले. पावतीपुस्तकं छापून झाली की ते ट्रेडलवर नंबरिंगची छोटी डबी चढवायचे. दर दाबाला खट्, आकडा पुढे सरकायचा. मी तोंड उघडणार एवढ्यात पेगी उठून उभी राहिली.

"एकही दुसरीसारखी नव्हती!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळी भिंगं आमच्याकडे वळली. "नंबर! ते नंबर घालायचे! म्हणून एकही दुसरीसारखी नव्हती!"

वॉल्टरनी दोन्ही चष्मे काढले आणि रुमालाने पुसले. पुसायची काही गरज नव्हती. मग सावधपणे म्हणाले, "त्यांनीच घातला असं मी लिहून देऊ शकत नाही. नंबर डब्लिनला पडला एवढं देतो. पण मॅडम, ते वाक्य नंबरवाल्याशिवाय कुणाला सुचेल?" फी विचारली तर म्हणाले, "तुमच्या त्या पूजेत माझ्या टेबलाचंही नाव घ्या."

तिथून थेट टॉमच्या घरी गेलो, तर तो दारातच उभा होता, उंच, टोपी घातलेला, चेहरा करारी. पेगीने वॉल्टरचा कागद पुढे केला. त्याने वाचला आणि परत दिला. "लंडन लिहिलंय की यात."

"पुढे वाच."

"वाचलं. नंबर डब्लिनला पडले. बरं, पडले. आजोबांनीच पाडले कशावरून?"

पेगीने नोट त्याच्या हातात पालथी ठेवली आणि त्याचं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं तसं. "आजोबा काय म्हणायचे, म्हण."

तो पुटपुटला, "हजारो छापल्या, पण एकही..." आणि थांबला.

बराच वेळ तो बोट फिरवत राहिला. मग टोपी काढून खुंटीला लावली. "जेवणाच्या टेबलावर म्हणायचे. आणि सगळ्यात मोठ्याने मी हसायचो." थोड्या वेळाने म्हणाला, "ही पिवळी पूड कसली?"

मेघनाने सांगितलं. तो म्हणाला, "मग कॉफीआधी हात धुवायचे की नाही धुवायचे?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

परतीच्या वाटेवर तेच बोगदे, तेच डोंगर. पेगी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती, पर्स छातीशी धरून. मेघना म्हणाली, "आई, बाबांना नंबरिंग करताना तू कधी मध्येच हाक मारलीस की ते किती चिडायचे, आठवतं? एक आकडा चुकला की पुढचं सगळं पुस्तक रद्द." मला आठवत होतं. बाहेर पानं उडत होती, एक इकडे, एक तिकडे.

घरी पोचलो तर निखिल दारात. "आई, हळदीचं काय झालं? मला झोप नाही दोन दिवस."

मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही पुसलीत म्हणूनच काम झालं." त्याने लगेच कॉलर ताठ केली. आता प्रत्येक पार्टीत सांगतो की आयरिश नोटांचा तपास आपण लावला.

माझे सहा महिने संपले, मी बार्शीला आले. तिकडे बर्फ पडलं, दगड बसवायचं काम थांबलं, बर्फ वितळलं. आणि गेल्या आठवड्यात पेगीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. काळा तुळतुळीत दगड, शेजारी टॉम, टोपी हातात. वर मोठ्या अक्षरांत आजोबांचं नाव असणार. ते मी नंतर वाचलं. माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे, डोळे आधी गेले ते दगडाच्या खालच्या कडेला.

तिथे बारीक अक्षरांत कोरलं होतं, 'मुद्रक, डब्लिन'. पेगीने खाली लिहिलं होतं, "काकू, जागा तुझ्या पत्रिकांसारखीच सांगितली कारागिराला."

मी उठून कपाटातली आमची जुनी नंबरिंगची डबी काढली, तेल घातलं आणि एका कोऱ्या कागदावर दाबली. खट् वाजली, आकडा सरकला. अजून चालते.

तर मंडळी, तुमच्या घरात जुनी नोट, पत्रिका, पावती असेल तर तिरक्या उजेडात धरा, पाठीवरून बोट फिरवा, खालची कड बघा आणि मला कळवा. शैलाताई, गुडघ्याचं आधी. देसाईभाऊ, आता दिसतंय, तर चार ओळी जास्त लिहा. प्राजक्ता, बाळ झोपलं की. जोशीसर, खोकला थांबला की. पण फार वाट बघायला लावू नका, लवकर लिहा.